पत्र्याखालचं ऊन आणि अंदाजपत्रकातली एक ओळ : सोलापूर पूर्व भागातल्या कामाच्या नोंदी

काम काय होतं ते आधी सांगतो. पूर्व भागातल्या घरांत आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये उन्हाळ्यात प्रत्यक्ष किती उकडतं ते मोजायचं, आणि त्या आकड्यांवर शहराच्या उष्णतेच्या नियोजनात आपल्या भागासाठी एखादी ठोस तरतूद करून घ्यायची. माणसं आठ-दहा : विडी वळणाऱ्या दोन अक्का, मागाचा एक जॉबर (माग दुरुस्त करणारा), कॉलेजची तीन पोरं, एक निवृत्त मुख्याध्यापक (आमचे सर), अधूनमधून येणारे एक-दोघं आणि मी. मी एका करसल्लागाराकडे हिशेब लिहितो. दुसऱ्या गावात कुणी हे करायला घेतलं तर आमचे पैसे जिथे बुडाले तिथे त्यांचे बुडू नयेत, एवढ्यासाठी या नोंदी.

16 फेब्रुवारी 2025

समाजमंदिरात पहिली बैठक. सर चार पानी निवेदन घेऊन आले होते. पहिल्या दोन पानांत पृथ्वी, हिमनद्या, पॅरिस करार. सोलापूर तिसऱ्या पानावर उगवलं. मागणी शेवटच्या ओळीत : "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." या ओळीवर कुठं काही काम झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मोठ्या अक्का म्हणाल्या, "सर, हे सगळं खरं असंल. पण आमच्या पत्र्याखाली दुपारी दोनला बसून दाखवा की."

विषय काय घ्यायचा यावर दीड तास वाद. पोरांना झाडं हवी होती. जॉबरला पाणी. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे सोलापुरात कुठलीही बैठक अर्ध्या तासात पाण्यावर येतेच. पण पाण्यासाठी बोलणारे शहरात पुष्कळ आहेत. धुळीसाठी 2019 पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आहे आणि सोलापूर त्याच्या यादीत आहे. घरातल्या उन्हाचं नाव कुणी घेत नाही. शेवटी ऊन ठरलं.

सरांचं निवेदन फाडलं नाही, बाजूला ठेवलं. ते पुढे उपयोगी पडलं, पण त्यांना वाटलं होतं तसं नाही.

1 मार्च

ऑनलाइन 12 डिजिटल तापमापक मागवले, आर्द्रताही दाखवणारे. एकाला 340 रुपये. दोन तर खोक्यातून काढले तेच मुके निघाले, बदलून मिळायला आठवडा गेला.

उरलेली दहा रात्रभर एकाच टेबलावर ठेवली. सकाळी बघतो तर प्रत्येकाचा आकडा वेगळा. तापमानात एक-दीड अंशाचा फरक ठीक, पण आर्द्रतेत एक 41 दाखवतंय आणि शेजारचं 56. असे आकडे घेऊन कुणापुढे गेलो असतो तर पहिल्याच प्रश्नाला गार झालो असतो.

तोड जॉबरने काढली, त्याला सूतगिरणीतलं माहीत होतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून चिखलासारखं ओलं करायचं. विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि तापमापक एका घट्ट डब्यात बंद करून आठ तास ठेवायचे. आत आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र जे दाखवेल त्यातला फरक चिकटपट्टीवर लिहून मागे डकवायचा. आमची दहाही यंत्रं आता पाठीवर आपापली खोट घेऊन फिरतात. खर्च : मीठ, आणि बायकोचे दोन डबे.

10 मार्च

सोमवार. राज्यात सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना कागदपत्रं पाहता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून महिनाभर थांबण्यापेक्षा आधी हे करा. फुकट आहे आणि कुठला कागद मागायचा तेही कळतं. मी कामावरून अर्धी सुट्टी काढून दोन कार्यालयांत गेलो.

उष्णतेचे आराखडे देशभर साधारण एकाच वळणाचे असतात. अहमदाबादने 2013 मध्ये पहिला केला, नंतर बाकीच्यांनी तो समोर ठेवून आपापले केले : हवामान खात्याचा इशारा, पाणपोया, बागा दुपारी उघड्या, दवाखान्यात उष्माघाताच्या खाटा, ओआरएस, शाळांची वेळ सकाळी. सगळं योग्यच आहे, पण ते रस्त्यावरच्या माणसासाठी. घरात बसून दिवसाला हजार विड्या वळणारी बाई त्यात येत नाही, कारण कागदाच्या हिशेबाने ती सावलीत असते.

दुसरी अडचण इशाऱ्याची. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा मग थेट 45, तेव्हा उष्णतेची लाट म्हणतात. सोलापुरात मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या आसपास. म्हणजे 43 ला घामाच्या धारा लागल्या तरी कागदावर लाट नाही.

7 एप्रिल

महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे लोकशाही दिन, अधिकाऱ्यांपुढे तक्रारी मांडायचा. आम्ही 15 दिवस आधी, ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतींत अर्ज दिला होता. खाली साठ-सत्तर सह्या. सह्या जितक्या जास्त तितकं वजन जास्त, असा आमचा हिशेब.

हिशेब उलटा पडला. लोकशाही दिनात तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. सामूहिक मागणी किंवा धोरणाचा विषय चालत नाही. नियम तसा लिहिलेलाच आहे, आम्ही वाचला नव्हता. महिनाभर गोळा केलेल्या सह्यांचं काय करायचं म्हणून सर हिरमुसले.

दुरुस्ती : धाकट्या अक्कांनी स्वतःच्या नावाने एकटीचा अर्ज केला. विषय एकच, "माझ्या गल्लीतल्या दवाखान्यात बाहेर रांगेत उभं राहायला सावली नाही." हवामान हा शब्दसुद्धा नाही. तो घेतला गेला, टोकन मिळालं, पुढच्या महिन्यात उत्तर आलं आणि दवाखान्याच्या दारात हिरवी जाळी लागली. सरांच्या चार पानांतून आम्ही असे सुटे सुटे सात अर्ज काढले. सह्यांचे कागद जपून ठेवले, ते अंदाजपत्रकाच्या वेळी लागतात.

20 एप्रिल

मोजमाप सुरू होऊन दोन आठवडे झाले. वेळा दोन : दुपारी अडीच आणि रात्री दहा.

काय काय बिघडलं ते आधी. एका घरात यंत्र चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं. एकात पत्र्याच्या खिळ्याला लटकवलं, म्हणजे ते हवा नाही, पत्रा मोजत होतं. एका घरात मुलाने खेळायला घेतलं आणि आकडे दोन दिवस त्याच्या मुठीतले आले. आता नियम असा : खोलीच्या मधोमध, दोरीने टांगून, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला, भिंतीला आणि पत्र्याला न चिकटता. आधीचे आकडे सगळे बाद.

कॉलेजच्या एका पोराने हौसेने बंदुकीसारखा इन्फ्रारेड तापमापक आणला, 900 रुपयांचा. नव्या चकचकीत पत्र्यावर रोखला तर आकडा 38. हात लावला तर चटका. तासभर कुणाला कळेना. चकचकीत धातूवर ही बंदूक फसते. तो आरशासारखा आकाशच दाखवतो. पत्र्यावर विजेच्या काळ्या टेपचा चौकोन चिकटवून त्यावर रोखलं तेव्हा आकडा 60 च्या पुढे गेला. गंजलेल्या, काळवंडलेल्या पत्र्यावर टेपची गरज नाही, नव्यावर आहे.

मोठ्या अक्कांच्या खोलीत दुपारी मी स्वतः बसलो. दहा बाय बारा, वर पत्रा, एक खिडकी गल्लीकडे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात रात्रभर भिजवलेली तेंदूची पानं. पान साच्यावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूट टाकायची, वळायचं, दोरा मारायचा. माझं लक्ष वर गेलं. पंखा आहे, बंद. "लावला की तंबाखू उडतो, बाळा. डोळ्यात जातो, आणि वजनात आम्हीच मार खातो." यंत्रावर 42.6. बाहेर सावलीत 40. घरोघरी पंखा आहे की नाही असा रकाना आमच्या फॉर्ममध्ये होता आणि सगळीकडे "आहे" अशी खूण पडली होती. रकाना बदलला : काम करताना पंखा चालू असतो का?

शेडमध्ये आणखी वेगळं निघालं. बाहेर 40, शेडमध्ये 36. मालक खूश. "बघा, आमच्याकडे गारवा." पण सूत कोरडं पडलं की धागा तुटतो आणि माग थांबतो, म्हणून फरशीवर पाणी मारतात आणि खिडक्या लावून घेतात. बाहेरची आर्द्रता 18 टक्के, आतली 55. तापमान आणि आर्द्रता मिळून अंगाला किती लागतं त्याचा तक्ता असतो. दोन्हीकडचे आकडे त्यात घातले तर बाहेरचे 40 अंगाला चाळीसच लागतात, आणि आतले 36 पंचेचाळिशीच्या वर जातात. घाम सुटतो, वाळत नाही. तापमान एकटं मोजलं असतं तर हा अहवाल मालकाच्या बाजूने गेला असता.

कामगाराला दर तासाला पाच मिनिटं दाराशी उभं राहू द्यावं, एवढं जॉबरने सुचवलं. मालक म्हणाले, "मीटरवर पगार आहे, तोच थांबायचा नाही." हेही खरंच.

27 एप्रिल

रात्रीच्या आकड्यांनी आमचं गृहीतक मोडलं. आम्ही धरून चाललो होतो की पत्र्याचं घर सगळ्यात वाईट. दुपारी हो. रात्री दहाला पत्र्याखाली 33, शेजारच्या स्लॅबच्या घरात 36. पत्रा तापतो पटकन आणि निवतोही पटकन. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर घरात सोडतो. ज्यांनी कर्ज काढून पत्रा काढला आणि स्लॅब टाकला त्यांना हे सांगायला आम्हालाच जड गेलं.

आणि सगळ्यात निवांत घर कुठलं? एका जुन्या पेठेतलं माळवदाचं. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर. दुपारी 34, रात्री 31. घरमालक आजोबा म्हणाले, पावसाळ्याआधी वर माती टाकायला आता माणूस मिळत नाही, पोरं स्लॅब टाकायचं म्हणतायत. त्यांना काय सल्ला द्यायचा ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

25 मे

महिना वाया. मोजमापाचा खरा महिना मे, आणि यंदा मे महिन्यात अवकाळी इतका झाला की दुपारी स्वेटर नाही एवढंच. आलेख एप्रिलपर्यंत चढतो आणि मग आडवा होतो. पुढच्या वर्षी 10 मार्चलाच सुरुवात करायची, मेच्या भरवशावर राहायचं नाही.

दुसरं कारण जास्त वाईट. 18 मे रोजी पहाटे अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यानंतर शेडमध्ये वही-यंत्र घेऊन जाणं आम्हीच थांबवलं. मालक अनोळखी माणसाला आत घेईनात, आणि आम्हालाही तोंड नव्हतं. बंद खिडक्या, एकच दार, वर लटकणारा कापसाचा तूस : हे सगळं आमच्या फॉर्ममध्ये "हवा खेळती आहे का" या एका रकान्यात होतं. जॉबरने त्याखाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक रकाना वाढवला, "बाहेर पडायला दुसरं दार".

22 जून

समाजमंदिराच्या छतावर प्रयोग. अर्धं छत पत्र्याचं, अर्धं स्लॅबचं, म्हणून सोयीचं.

स्लॅबवर चुना, फेविकॉल घालून. एकूण खर्च 700 रुपयांच्या आत. पत्र्यावरही तोच मारला, पैसे वाचवायला. पहिल्या मोठ्या सरीत पत्र्यावरचा चुना पन्हाळीतून खाली उतरला आणि शेजारच्या काकूंच्या वाळवणावर पडला. पापडांचे पैसे द्यावे लागले. स्लॅबवरचा बऱ्यापैकी टिकला.

पत्र्याला उन्ह परतवणारा पांढरा रंगच हवा. 20 लिटरची बादली 5,600 ला पडली. आधी तारेच्या ब्रशने गंज घासायचा, मग प्रायमर, मग दोन हात. घासणं टाळलंत तर रंग खपल्यांसकट निघतो. एका कोपऱ्यात घाई केली होती, तो कोपरा ओळखू येतो. मजुरी आम्ही दिली नाही, पोरांनी मारला. दुसऱ्यांनी हिशेब करताना मजुरी धरा, ती रंगाइतकीच होते.

तक्रार आली ती वेगळीच. शेजारच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या खिडकीत आता दुपारभर तिरीप येते. त्यांनी पडदा लावला, पडद्याचे पैसे मागितले नाहीत, पण बोलणं बंद केलंय. छत रंगवण्याआधी वरून कोण बघतं ते पाहून घ्या.

भाड्याच्या घरांचं गाडं तर अडलंच. भाडेकरू म्हणतो छत मालकाचं, मालक म्हणतो ऊन भाडेकरूचं. दोघांच्या सहीचा एक साधा कागद बनवला : रंग गटाचा, मेहनत भाडेकरूची, वर्षभर त्या कारणाने भाडेवाढ नाही. शेवटच्या कलमावर बहुतेक मालक मागे फिरतात.

14 जुलै

माहिती अधिकाराचे अर्ज. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. सरांचा पहिला मसुदा याच्या तिप्पट होता आणि त्यात "का केले नाही?" असे पाच प्रश्न. "का" ला उत्तर देणं बंधनकारक नाही, कागद देणं आहे. म्हणून प्रत्येक वाक्य "ची प्रत मिळावी" असं संपवलं. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीला पानामागे 2 रुपये, मुदत 30 दिवस.

मागितलं काय, तर ज्या खर्चातून सार्वजनिक इमारतींची रंगरंगोटी होते त्या लेखाशीर्षाची (अंदाजपत्रकातल्या त्या खर्चाच्या ओळीची) मागच्या दोन वर्षांची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च. सरांना हे फार किरकोळ वाटलं. "आपण हवामानावर बोलतोय आणि तुम्ही चुन्याचं बिल मागताय." होय, तेच मागतोय. माझा रोजचा धंदाच तो. नवीन योजनेला नवीन पैसा लागतो आणि तो कधीच नसतो. चालू लेखाशीर्षात पैसा आधीच असतो, फक्त रंगाची जात बदलायची असते.

जाता जाता : महापालिका कायद्याप्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल ठेवायचा असतो. आमचे एप्रिलचे आकडे दोन पानांत मांडून त्यासाठी आवक करून दिले. शिक्का मारलेली प्रत घ्या, ती नसेल तर तुम्ही काही दिलंच नव्हतं असं धरा.

9 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा, मार्कंडेय महाराजांची रथयात्रा. माग बंद, अख्खा पूर्व भाग रस्त्यावर. आम्ही पाण्याच्या टेबलामागे एक फळा लावला, गल्लीवार दुपारचं आणि रात्रीचं तापमान, मराठीत आणि तेलुगूत. बैठकीला कधी न येणारी माणसं आपली गल्ली शोधत थांबत होती. "आमच्या गल्लीचं कुठंय बे?" हा दिवसभरातला मुख्य प्रश्न. जिथे मोजलं नव्हतं तिथली माणसं नाराज झाली, आणि त्यातूनच पुढच्या वर्षीसाठी यंत्र सांभाळायला नवीन घरं मिळाली. सह्यांच्या मोहिमेने जे महिनाभरात झालं नाही ते फळ्याने संध्याकाळपर्यंत केलं.

16 नोव्हेंबर

अंदाजपत्रक मंजुरीला फेब्रुवारी-मार्चमध्ये जातं, पण खात्यांच्या मागण्या त्याच्या दोन-तीन महिने आधी बनतात. सूचना द्यायची ती आत्ता. मार्चमध्ये मोर्चा नेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामं मागवून अंदाजपत्रकात घेतात, एका कामाला 5 लाखांपर्यंत. त्या अर्जाचा साचा घेऊन आम्ही आमचा बेतला. एक पान. जागा : आमच्या भागातल्या तीन सार्वजनिक इमारती, पत्ता आणि छताच्या मापासह. काम : नेहमीच्या रंगाऐवजी उन्ह परतवणारा रंग. लेखाशीर्ष : माहिती अधिकारात मिळालेलं. सोबत एप्रिलचे आकडे, समाजमंदिराच्या छताचे रंगाआधीचे आणि नंतरचे, आणि एप्रिलपासून पडून असलेल्या सह्या.

विडी कामगारांची खाजगी घरं यातून बाहेर राहिली. सार्वजनिक पैसा खाजगी छतावर घालता येत नाही असं ज्याला विचारलं त्याने सांगितलं. मोठ्या अक्कांना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या म्हणाल्या, "मग आम्ही दुपारी तिथं जाऊन विड्या वळायच्या का?" गंमत म्हणून बोलल्या असतील. पण अर्जात मी तेच लिहिलं : एप्रिल-मेमध्ये दुपारी 12 ते 4 या इमारतींतला एक हॉल महिला कामगारांना बसायला उघडा ठेवावा. याला पैसे लागत नाहीत, किल्ली लागते.

माझी वसुंधरा अभियानाचाही उल्लेख केला. 2020 पासून राज्यात चालू आहे, पाच तत्त्वांवर गुण मिळतात आणि गुणांसाठी पुरावे लागतात. ज्या टेबलाला पुरावे जमवायचे आहेत त्याला आयते फोटो आणि नोंदी दिल्या की अर्ज वाचला जातो.

15 डिसेंबर

महापालिका निवडणूक जाहीर, आचारसंहिता लागू. सगळं थांबलं. मार्च 2022 पासून प्रशासक, त्यामुळे नगरसेवक नव्हते आणि म्हणून प्रभाग समित्याही नव्हत्या. आता नगरसेवक येणार म्हणून काम अडलं.

प्रचारात पत्र्याचं छत घेऊन कुणाच्या मागे लागायचं नाही असं ठरवलं. दोन उमेदवार फळ्याशेजारी फोटो काढायला आले, फळा आत ठेवला.

1 फेब्रुवारी 2026

निवडणूक झाली. 26 प्रभाग, 102 नगरसेवक. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या कायद्याने लागतात आणि त्यांवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. त्यासाठी संस्था नोंदणीकृत हवी. आमचा गट कुठेच नोंदलेला नाही. नोंदणीचा खर्च आणि दरवर्षीचं लेखापरीक्षण कोण सांभाळणार, तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सध्या एका जुन्या महिला मंडळाशी बोलणं चालू आहे, त्यांच्याकडे नोंदणी आहे आणि माणसं नाहीत.

15 फेब्रुवारी

हॉलचं काम झालं. एका इमारतीची किल्ली एप्रिलपासून दुपारी धाकट्या अक्कांकडे राहील असं लेखी मिळालं. अट : तंबाखू आत आणायचा नाही, मुलांचा वर्ग तिथेच भरतो. म्हणजे बसायला मिळेल, वळायला नाही. हजार विड्यांची मजुरी बुडवून नुसतं गारव्याला कोण बसणार? व्हरांड्यात वळायला परवानगी मागितली आहे. व्हरांड्याला वर पत्राच आहे.

रंगाचा अर्ज परत आला, पण नकार म्हणून नाही. कामाचं अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीवर (ठरलेल्या दरांच्या यादीवर) बनतं, आणि आम्ही सुचवलेला रंग त्या दरसूचीत सापडला नाही. मग बाजारातली तीन दरपत्रकं आणि त्यावरून दराचं पृथक्करण, म्हणजे दर कसा निघाला त्याची फोड, जोडावं लागतं. हे आधी माहीत असतं तर नोव्हेंबरमध्येच जोडलं असतं. दुसऱ्यांनी पहिल्या दिवशी दरसूची उघडा, मागणी त्यातल्या बाबीत बसते का पाहा, आणि नसेल तर दरपत्रकं अर्जासोबतच द्या.

22 फेब्रुवारी

दोन दरपत्रकं आली. दोन्हींत चौरस मीटरचा दर आहे, प्रायमर धरून. तिसऱ्या दुकानदाराने नुसता बादलीचा भाव लिहिला, जीएसटी धरून की सोडून तेही नाही, आणि तारीख मागच्या वर्षीची. परत पाठवलंय. मंगळवारी जॉबर स्वतः जाऊन बसणार आहे.